नरनाळा पाहायचा तर पाण्याच्या मागे चला

माझं माहेर अकोट तालुक्यातलं, पूर्णेच्या अंगाचं, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातलं, जिथे विहिरीचं पाणीच खारं. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवली तरी वरण मिळून येत नसे. मी दहा वर्षांची असताना बाबा मला पहिल्यांदा नरनाळा किल्ल्यावर घेऊन गेले. आधी दरवाजा नाही, तोफ नाही. सरळ शक्कर तलावाच्या काठावर नेलं, ओंजळ भरून चूळ भरली आणि म्हणाले, "पाय, इथलं पानी गोडं हाये. म्हनून इथं राज्य नांदलं." आता दरवर्षी दिवाळी ते होळीच्या मधे कुणी ना कुणी पाहुणे आले की त्यांना घेऊन मी किल्ल्यावर जाते. बाबांनी दाखवला त्याच क्रमाने किल्ला दाखवते. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तसाच सांगते.

अकोल्याहून अकोट 45 किलोमीटरच्या आसपास आहे. एसटी आहे, आणि 2022 पासून अकोला ते अकोट मोठ्या लाइनीची रेल्वेही सुरू झाली आहे. अकोटहून पोपटखेडमार्गे गडाच्या पायथ्याचं शहानूर साधारण वीसेक किलोमीटर. या शेवटच्या टप्प्यासाठी स्वतःची किंवा अकोटातून ठरवलेली गाडीच बरी, कारण शहानूरहून पुढे घाटाचा रस्ता थेट गडापर्यंत चढतो. अकोटातच पेट्रोल भरा, पाण्याच्या बाटल्या घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. घाट लागला की फोनची रेंज जाते, मग ऑनलाइन पैशांचा उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट परवानगीची. नरनाळा हे अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत, वेळा ठरलेल्या असतात, पावसाळ्यात नियम बदलतात. एका वर्षी माझी नणंद आणि तिची मुलं पुण्याहून आली होती. आम्ही घरून आरामात जेवूनखाऊन निघालो, नाक्यावर पोचेपर्यंत आत सोडायची वेळ संपली होती. मुलं गाडीच्या काचेतून डोंगराकडे बघत परत आली, ते तोंड मला अजून आठवतं. म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा आणि पहाटे निघा. शहानूरला वनखात्याचं राहण्याचं संकुल आहे. आधी बुकिंग करून रात्री तिथे राहिलात तर सकाळ पूर्ण हाती मिळते.

शहानूर गाव नुसतं गाडी थांबवायचं ठिकाण समजू नका. सातपुड्याच्या पायाशी टेकलेलं गाव आहे, समोर डोंगर, मागे वऱ्हाडची काळी सपाटी. या पायथ्याच्या पट्ट्यात पाणी गोडं, त्यामुळे संत्र्याच्या बागा, केळी आणि पानपिंपरीचे मळे दिसतात. पानपिंपरी म्हणजे वेलीवरची पिंपळी, औषधात जाते. माझ्या माहेरच्या शिवारात असा मळा कुणी स्वप्नातही लावला नसता. कुणाच्या मळ्यात शिरण्याआधी बांधावरून हाक द्या. "काका, पाहू का जी आतून?" एवढं विचारलं की माणूस स्वतः हातातलं काम टाकून दाखवायला येतो. न विचारता वेलीला हात लावलेला मात्र कुणालाच आवडत नाही.

घाटात सागवान, धावडा, मोह, तेंदू. फाल्गुनात गेलात तर पळस पेटलेला असतो. गाडी सावकाश चालवा, हॉर्न वाजवू नका.

आता दरवाजा. किल्ल्याला दरवाजे पुष्कळ आहेत, दिल्ली दरवाजा, अकोट दरवाजा, सिरपूर दरवाजा, पण वेळ द्यायचा तो महाकाली दरवाज्याला. तिथे गाडीतून उतराच. बाकी सगळा गड काळ्या दगडाचा आणि हा एक दरवाजा पांढुरक्या वालुकाश्माचा, सकाळच्या उन्हात साईसारखा दिसतो. आधी दहा-बारा पावलं लांब उभे राहा. दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, त्यांच्या खिडक्यांच्या नक्ष्या, वर कोरीव कंगोरा. मग जवळ जा आणि कमळं बघा. पाकळ्यांच्या कडा कारागिराने किंचित उचललेल्या आहेत, त्यामुळे बोट न लावताही त्यांची जाडी कळते. बोट लावूही नका, लोकांनी खिळ्याने नावं कोरून जो काही विद्रूपपणा केला आहे तो पुरेसा आहे. ते बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

वरच्या पट्टीवर अरबी अक्षरं आहेत. कुराणातली वचनं, बहमनी सुलतान महमूदशहाचं नाव आणि दरवाजा बांधल्याचं साल, आपल्या हिशेबाने 1487. बांधवून घेणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी लढाईत पकडला गेला, बहमनी चाकरीत वाढला आणि वऱ्हाडचा सुभेदार झाला. 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला, आणि अचलपूरला राजधानी असलेली वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली. दरवाज्याखाली उभं राहून हे मुलांना सांगा, ती पटकन धरून ठेवतात. त्याच्याही आधी, 1425 च्या सुमारास, अहमदशहा बहमनीने चिखलदऱ्याजवळचा गावीलगड किल्ला बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, म्हणजे किल्ला मुळात त्याहून जुना.

वर पोचलात की बाबांचा नियम पाळा: आधी तलाव. मुख्य गड नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड असे तीन गड जोडून हा पसारा झाला आहे, आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच डोंगरमाथ्यावर एवढी माणसं, घोडे, हत्ती जगवायचे तर पाऊस धरून ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून माथ्याच्या प्रत्येक उतारावर तलाव बांधलेला दिसतो. तटाच्या आत चालताना पायाखाली बघत चला, पाणी वाहून नेणाऱ्या दगडी नाल्यांच्या खुणा गवतातून डोकावतात. उतार कुणीकडे आहे ते बघा आणि त्या नाल्याच्या मागे जा, बहुतेक वेळा तलाव भेटतोच. किल्ला समजून घ्यायची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

शक्कर तलाव सगळ्यांत मोठा, ऐन उन्हाळ्यातही पाणी धरतो. काठाशी शांत बसलात तर पलीकडच्या काठावर सांबर पाण्यावर उतरलेलं दिसू शकतं. वाघावर बसून फिरणारे वली म्हणून ज्यांना बाघ सवार वली म्हणतात, त्यांचं नाव या गडाशी जोडलेलं आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला या तलावावर आणायची जुनी रीत होती. श्रद्धा असेल तर दर्शन जरूर घ्या, पण कुत्रं चावलं तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या, त्यात एक दिवसही घालवू नका. बाबांसारखी चूळही आता भरू नका, पाणी बाटलीतलंच प्या.

तेला-तुपाची टाकी मात्र चुकवू नका. जमिनीत खोल बांधलेली, आत कमानींनी कप्पे पाडलेली. वेढ्याच्या काळात तेल-तूप साठवत असं सांगतात. माझं मन मात्र यातही पाणीच होतं असं म्हणतं. कडेला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

राणीमहाल बघून घ्या, नऊगजी तोफही बघा, मुलांना ती आवडते. तोफेवर चढून फोटो काढू देऊ नका. पडक्या भिंतींच्या आत, झुडपात एकट्याने शिरू नका. अस्वल असतं, बिबट असतो, आणि वाटाड्या नको म्हणतो तिथे नको म्हणजे नकोच. शेगावची कचोरी बरोबर घेतली असेल तर गाडीत ठेवा, वानरांना पिशवीचा आवाज ओळखीचा झाला आहे.

जेवणाआधी दक्षिणेच्या कड्याकडे, तटाच्या आतून, एकदा जाऊन या. खाली पूर्णेचं खोरं पसरलेलं दिसतं. याच सपाटीवर अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेशी लढली. पुढे 15 डिसेंबरला गावीलगड पडला आणि दोनच दिवसांनी भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला. हवा स्वच्छ असली की हिरवा पट्टा कुठे संपतो आणि करडा कुठे सुरू होतो ते वरून कळतं. करडा तो आमचा, खाऱ्या पाण्याचा.

जेवणाचं शहानूरात सकाळीच सांगून ठेवा. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, हंगाम असेल तर ओल्या तुरीच्या शेंगा. घरच्या बाईला माणसं मोजून सांगा, वेळ सांगा आणि ती पाळा. एक वाजता म्हणून तीनला आलात तर तिची भाकर वाळते आणि शेतावर जायचीही खोटी होते. पैसे तिच्या हातात द्या. परतताना रस्त्यावर बोरं किंवा संत्री घेऊन कुणी बसलेलं दिसलं तर थांबा, सुटे दहा-वीस रुपये खिशात असू द्या, आणि अंधार पडायच्या आत अकोट गाठा.