चोचींचा प्रयोग: या चुका टाळा

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो आला की चमचे-चिमटे बाहेर निघतात आणि दरवर्षी तेच घोळ सुरू होतात. चमचे-चिमटे म्हणजे पक्ष्यांच्या चोची. पोरांनी त्यांनी दाणे टिपून पेल्यात टाकायचे आणि कुठली चोच तगते ते बघायचं, असा हा प्रयोग.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे एकाच फेरीत प्रयोग उरकणं. मीही उरकलाय. राजमा, मूग, तांदूळ टेबलावर पसरले. पाच जणांना चमचे, पाच जणांना सांडशा, पाच जणांना भुवया कोरायचे चिमटे. एका पठ्ठ्याने कागदी पेला टेबलाच्या कडेला धरला आणि चमच्याने सगळा राजमा आत लोटला. तास संपला. वह्या तपासताना दिसलं, ‘चमचा ही सर्वांत चांगली चोच.’ एकीने तर लिहिलं होतं, ‘उपाशी पक्ष्यांनी आपली चोच चमच्यासारखी करून घेतली.’ कपाळाला हात लावला, पण चूक माझीच. पिढी बदलते ती कशी, हे मी दाखवलंच नव्हतं.

आता फेरी २० सेकंदांची. ज्यांना कमी दाणे मिळाले ते पाच जण मेले. मेलेल्यांनी बाकावर जाऊन बसायचं नाही. सगळ्यात जास्त दाणे मिळवलेल्या पाच जणांची पिल्लं म्हणून परत यायचं, आईबापाचीच चोच घेऊन. कुठल्या चोची किती, हे दर फेरीला फळ्यावर. पोरगं बदलत नाही, फळ्यावरचे आकडे बदलतात.

दोन फेऱ्यांनंतर मी तांदूळ-मूग उचलतो आणि टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा टाकतो. फोडली तरच मोजायची. (खायची नाही, हे सांगावं लागतं.) प्रशांत महासागरातल्या गॅलापॅगोस बेटांपैकी डॅफ्ने मेजरवर १९७७च्या दुष्काळात पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्याला हेच दिसलं. बारीक बिया संपल्या, आपल्या सराट्याच्या भाऊबंदाची टणक काटेरी फळं उरली, फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांपैकी जाड चोचीचे जास्त तगले आणि पुढची पिढी जाड चोचीची निघाली. १९८३च्या धो धो पावसानंतर बारीक बियांचं रान माजलं आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. म्हणून शेवटच्या फेरीत तांदूळ परत.

‘एका तासात चार फेऱ्या बसत नाहीत’ म्हणणारे नवे शिक्षक व्हिडिओ लावून मोकळे होतात. जोडतास मागा की!

पेला टेबलावर चिकटवून टाका. दाणे गुळगुळीत ताटात नको, गोणपाटावर पसरा. मधेच चोचींची अदलाबदल अजिबात नाही, कितीही रडले तरी.

आणि मोहरी वापरू नका. वापरायचीच असेल तर झाडू आधी आणून ठेवा.