मोअरच्या डेकची पुली आणि बेअरिंग घरच्या घरी बदलताना

यंदा उत्तरायणानंतर आमच्या संस्थेच्या मैदानावरचा रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, घरघरायला लागला. वडोदऱ्यात उत्तरायण म्हणजे दोन दिवस आकाशभर पतंग आणि पुढे महिनाभर गवतात, झाडांत, तारांवर अडकलेला मांजा. डेक, म्हणजे पाती बसवलेला खालचा पत्र्याचा भाग, काढून उलटा केला तर मधल्या स्पिंडलभोवती (पातं फिरवणाऱ्या दांड्याभोवती) गुलाबी मांज्याचं अंगठ्याएवढं जाड कडं बसलेलं. पातं आणि बेअरिंग यांच्या मधोमध, रबरी सीलला घासत. सील कापलं गेलं, आत पाणी आणि धूळ शिरली, ग्रीस गेलं. काम अर्ध्या दिवसाचं आहे. पण घाईत केलं तर श्रावणात, गवत गुडघ्याला लागतं तेव्हा, यंत्र पुन्हा बसतं. म्हणून सविस्तर लिहितो.

किल्ली काढा, प्लगची वायर काढून बाजूला करा आणि इंजिन थंड होऊ द्या. पट्टा कुठून कसा वळलाय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, मगच तो सोडवा. हा फोटो नसला की परत बसवताना हमखास एक वळण उलटं पडतं. त्यानंतर डेक यंत्राखालून बाहेर ओढा. नुसत्या जॅकवर यंत्र उचलून खाली हात घालू नका.

आता एकेक पुली हाताने फिरवा. बिघडलेलं बेअरिंग कानाआधी बोटांना कळतं, वाळू दळल्यासारखी खरखर लागते. जाड हातमोजा घालून पात्याचं टोक धरा आणि वर-खाली हलवा. खटखट प्ले (ढिलेपणा) जाणवला तर त्या स्पिंडलची बेअरिंगं गेली. पुली भोवऱ्यासारखी सुळसुळ फिरत राहिली म्हणून ती चांगली असं समजू नका. नवं सीलबंद बेअरिंग आतल्या ग्रीसमुळे थोडं जडच फिरतं. असं मोकळं सुटतं ते बहुधा ग्रीस संपलेलं असतं.

पुलीची झीज खाचेत दिसते. व्ही-पट्टा खाचेच्या दोन उतारांवर पकड घेतो, त्याने तळाला टेकायचं नसतं. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकून घसरतोय. नवा पट्टा खाचेत ठेवून पाहा: तो पुलीच्या काठाच्या बरोबरीला किंवा किंचित वर यायला हवा. खाली बुडाला तर पुली बदला, वर आला तर जुना पट्टाच झिजलेला होता. पुली वाकडी आहे का हे पाहायला काठाजवळ पेन्सिल टेकवून धरा आणि पुली सावकाश फिरवा. पेन्सिल आणि काठ यांतली फट कमी-जास्त होत असेल तर पुली किंवा शाफ्ट वाकलाय. पातं दगडावर आपटलं की असं होतं.

पट्टा ताणून धरणारी आयडलर पुली बहुतेक वेळा पत्र्याच्या दोन तबकड्या जोडून केलेली असते आणि बेअरिंग त्यातच दाबून बसवलेलं असतं. तिथे वेळ घालवू नका, पूर्ण पुलीच बदला.

स्पिंडल मात्र दुरुस्त करण्यासारखं असतं. पातं आणि डेक यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा आणि बोल्ट सोडवा. काही यंत्रांत आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी पुस्तिका बघा. गंज असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुली निघत नसेल तर पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) लावा. काठावर हातोडी मारून पुली काढली तर ती वाकते आणि पुढचा प्रत्येक पट्टा खाते.

हाउसिंग, म्हणजे बेअरिंगं बसवलेलं कवच, डेकवरून सोडवलं, शाफ्ट लाकडी ठोकळ्याने ठोकून बाहेर काढला की आत दोन बेअरिंगं आणि त्यांच्या मध्ये एक नळीसारखा बुश दिसेल. हा बुश जपा. नट आवळल्यावर दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा या बुशवर टेकतात. तो विसरलात तर आवळण्याचा सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या गोळ्यांवर येतो आणि नवी बेअरिंगं थोड्याच दिवसांत संपतात. जुनी बेअरिंगं आतून सुंब्याने, एकदा इकडे एकदा तिकडे असं फिरवत ठोकून काढा. गेलंय एकच असं वाटलं तरी दोन्ही बदला.

खरेदीची अडचण वडोदऱ्यात तरी नाही. माणेजात बेअरिंगचा मोठा कारखाना आहे, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) जवळ आहे. दुकानदार फोनवर सांगतोच, "काका, जूनुं साथे लेता आवजो." म्हणजे जुनं सोबत घेऊन या. त्याचं ऐका. बेअरिंगच्या काठावर 6204 असा आकडा असतो. शेवटच्या 04 ला पाचाने गुणलं की आतलं भोक, 20 मिलिमीटर. 6205 चं 25. 6203 ला हा हिशेब लागू नाही, त्याचं भोक 17. आणि एक फसवी गोष्ट: अमेरिकी बनावटीच्या यंत्रांत शाफ्ट इंचाच्या मापाचा असू शकतो. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. त्यावर 20 चं बेअरिंग सैल बसतं आणि शाफ्टच झिजवून टाकतं. व्हर्नियरने शाफ्ट मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सील दोन्ही बाजूंनी रबराचं, म्हणजे 2आरएस, घ्या; धूळ-पाण्याच्या कामाला पत्र्याचं झेडझेड टिकत नाही. पण हाउसिंगला ग्रीस निपल असेल तर जुन्या बेअरिंगच्या आतल्या बाजूला सील होतं का ते पाहा आणि तसंच ठेवा, नाहीतर ग्रीस गनने भरलेलं ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

बसवताना सगळ्यात जास्त बेअरिंगं वाया जातात, आणि मीही एक घालवलंय. हाउसिंगमध्ये बसवताना आतल्या रिंगवर ठोकलं. ठाकठीक बसलं, महिनाभरात गुरगुरायला लागलं. ग्राइंडरने कापून पाहिलं तर आतल्या चकचकीत वाटेवर, गोळ्यांच्या अंतरा-अंतराने, नखाला लागतील असे बारीक खड्डे उमटलेले. प्रत्येक ठोक्याचा जोर गोळ्यांतून गेला होता.

तेव्हा नियम असा: हाउसिंगमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या. बाहेरच्या रिंगच्या मापाची गोटी (पान्याचं सॉकेट) मिळाली तर उत्तम. त्याहून चांगलं म्हणजे ठोकावंच लागू नये. बेअरिंगं पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर ते ग्रीस पुसून स्वच्छ करा, एखाद्या टाकाऊ पातेल्यात दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि चिमट्याने काढून झटकन कोरडं करा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. थंड बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने, थोडासा 'टक' आवाज करत तळाला जाऊन बसतं. एक बेअरिंग, मग बुश, मग दुसरं. बेअरिंगला आगीची ज्योत कधीच दाखवू नका, सील आणि ग्रीस दोन्ही जळतात.

शाफ्ट, पुली, पातं परत लावा. पात्याचा बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. दोन पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आहेत ना ते बघा, फोटोवरून पट्टा घाला. पाच मिनिटं पाती चालवा, इंजिन बंद करा, सगळं थांबल्यावर हाउसिंगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बुश किंवा माप चुकलंय, पुन्हा खोला.

गवत कापून झाल्यावर स्पिंडलवर वरून पाण्याचा फवारा मारू नका. ओलं गवत लाकडी पट्टीने खरवडा, ब्रशने झाडा. आणि 15 जानेवारीनंतर, पहिल्यांदा मोअर काढण्याआधी, मुलांना सोबत घेऊन, हातमोजे घालून, सगळं मैदान चालत पालथं घाला. आम्ही यंदा तसं केलं नव्हतं. पुढच्या वर्षी दोन पोती मांजा गोळा होईल असा माझा अंदाज आहे.