88 टक्के आहेत, कॉलेज लागेल का? ॲडमिशनचा हिशेब मांडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत एकच प्रश्न फिरतो, "सर, पोट्ट्याले 88 भेटले, गव्हर्मेंटले लागन का?" इंजिनिअरिंगपुरतं बोलायचं तर या प्रश्नातला आकडाच चुकीचा आहे.

टक्के आणि पर्सेंटाईल एक समजणे. राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत मेरिट लागतं ते एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाईलवर. बारावीचं काम मुख्यतः पात्रतेपुरतं: पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या प्रवर्गात 45 टक्के, राखीवमध्ये 40, म्हणजे 300 पैकी 135 किंवा 120. सीईटीत 90 पर्सेंटाईल म्हणजे 90 टक्के मार्क नव्हेत, 90 टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे. चार लाख मुलं बसली असतील तर पुढे चाळीस हजार उरतात. पेढे वाटायच्या आधी हा हिशेब करा.

म्हणून बारावीच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करणे. ही उलटी चूक, आणि क्लासवालेच ती करायला लावतात. नागपूरचं व्हीएनआयटी (केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज) किंवा कोणतंही आयआयटी हवं असेल तर जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेच्या रँकसोबत बारावीला 75 टक्के (एससी, एसटी व दिव्यांगांना 65) किंवा आपल्या बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाईलमध्ये नाव लागतं. इथे ओबीसीला सूट नाही. मेडिकलच्या नीटलाही पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) खुल्याला 50 आणि राखीवला 40 टक्क्यांची अट आहेच.

सीईटीत प्रश्न कोरे सोडणे. जेईई आणि नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात. सीईटीत कापत नाहीत. तरी सवयीने पोरं प्रश्न सोडून येतात. गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकाचा. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, शेवटची पाच मिनिटं राखून उरलेल्या सगळ्या प्रश्नांना उत्तर निवडा.

कटऑफची चुकीची ओळ वाचणे. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कटऑफ पीडीएफमध्ये एकाच ब्रँचसमोर डझनभर आकडे असतात. वरचा आकडा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाईल. कोडमधलं पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींच्या जागा. मधे प्रवर्ग. शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्याबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. ओबीसी मुलीने 'जीओपन'ची ओळ पाहून "आपलं काही जमत नाही बाप्पा" म्हणत नाव मागे घेणं, हे दरवर्षीचं आहे. टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी माफी योजनेची) ओळही वेगळी. तिथे ट्यूशन फी माफ असते, त्यामुळे कटऑफ बहुधा चढाच. आणि फक्त पहिल्या फेरीचा आकडा पाहून खचू नका, शेवटच्या फेरीचाही बघा.

बारावी कुठून केली याचा विचार न करणे. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून पास झालात त्यावरून. घर दिग्रसला आणि बारावी लातूरची, तर अमरावती विद्यापीठाच्या 'एच' जागा हातून गेल्या. मेडिकलला तर याहून मोठा फटका आहे. 85 टक्के राज्य कोट्यासाठी रहिवासी दाखल्यासोबत साधारणपणे दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच लागते. राजस्थानातल्या कोटा शहरात डमी ॲडमिशन (नाव शाळेत, शिकणं क्लासमध्ये) घेण्याआधी हे बापाने विचारायला हवं. क्लासवाला स्वतःहून सांगणार नाही.

पसंतीक्रम भीतीने भरणे. "लागणारं कॉलेज" पहिलं टाकू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्यांत चांगलं मिळण्याचा रस्ता बंद. मनातलं वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. चारच पर्याय भरून थांबू नका. अमरावती, नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या चारही शासकीय कॉलेजांच्या ब्रँचेस टाका, मग खाजगी.

कागद नंतर बघू म्हणणे. जात वैधता किंवा नॉन-क्रिमिलेअर मुदतीत नसेल तर राखीवचा दावा जातो आणि मूल खुल्या मेरिटमध्ये ढकललं जातं. तिथे तेच पर्सेंटाईल अपुरं पडतं. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, मुदत संपलेलं चालत नाही. व्हीएनआयटीसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो. जूनमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, त्यात पेरणीचे दिवस. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका.