केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

अंबाजोगाई, नांदेड, लातूर, कुठेही इंटर्नशिप किंवा मेडिसिनचं पीजी सुरू करत असाल, तर हिस्ट्री-एक्झामिनेशन तुम्हाला येतंच. सोप नोटही (तक्रार, तपासणी, निष्कर्ष, प्लॅन अशी रोजची नोंद) पाठ असेल. पण अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा तो शेवटचा टप्पा. कणा वेगळाच आहे: पहिल्या पानावर क्रमांक आणि तारखेसह प्रॉब्लेम लिस्ट, म्हणजे पेशंटच्या सगळ्या अडचणींची यादी. वॉर्डात नेमकी तीच वगळली जाते.

इथल्या एका सापळ्यानं माझं पहिलं वर्ष खाल्लं, म्हणून सविस्तर सांगते. चाळिशीची बाई येते. "रानात गेलं की दम लागतोय, अंग गळून गेलंय." खोकला, बारीक ताप, वजन उतरलेलं. कॅज्युअल्टीत कोणीतरी '? टीबी' लिहितं. वॉर्डात उतरवून घेताना प्रश्नचिन्ह गळतं. पुढच्या राउंडला ती 'टीबीची पेशंट' झालेली असते आणि ६ ग्रॅम हिमोग्लोबिनबद्दल कुणी विचारतच नाही.

म्हणून जेवढं कळलंय तेवढंच लिस्टमध्ये घ्या. १. धाप. २. ताप, खोकला, वजन घटणं. ३. अ‍ॅनिमिया. शंकेची जागा प्लॅनमध्ये: टीबी आहे का, तर थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय तपासणी). रिपोर्ट आला की दोन नंबरपुढे बाण काढून निदान आणि तारीख लिहा. जुनं खोडू नका. बाण दिसला की शिकवणारे सर "हे कशावरून?" विचारू शकतात, आणि वॉर्डातलं खरं शिक्षण त्या एका प्रश्नात होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तयार नमुने मुळीच भरू नका. ते पेशंट न पाहताही भरता येतात. "नुसतं सीएसटी (कंटिन्यू सेम ट्रीटमेंट) लिही" म्हणणारे सीनियर भेटतील. तुम्ही प्रत्येक नंबरखाली किमान एक ओळ लिहा. चांगला गाइड तोच, जो तुमचा केसपेपर वाचतो. छान बोलणारे पुष्कळ असतात.

घाबरू मात्र नका. भरलेला वॉर्ड एका रात्रीत होणार नाही. आजच्या नव्या अ‍ॅडमिशनपासून धरा, हात बसतो.

लिस्ट डिस्चार्ज कार्डावरही उतरवा. बीडकडची ऊसतोड कुटुंबं हंगामात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथल्या डॉक्टरांच्या हाती तेवढंच कार्ड पडतं. त्यातल्या बऱ्याच बायकांची गर्भपिशवी कमी वयातच काढलेली असते, आणि विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत. जुना कागद नसला तरी विचारा, पोटावरची खूण पाहा. कितव्या वर्षी काढली आणि अंडाशय ठेवले का, हे लिहा. कळलं नाही तर 'माहिती नाही' असं लिहा.