पालवी फुटली म्हणजे काडी लागली असं नाही! कटिंग करताना या चुका टाळा

कटिंग म्हणजे फांदीची काडी कापून तिच्यापासून नवं रोप करणं, तशा बोगनवेलीच्या आठ काड्या लावल्या होत्या. दहा-बारा दिवसांत सगळ्यांच्या डोळ्यांतून इवली इवली पानं बाहेर आली आणि मी येईल त्याला हाताला धरून ती कुंडी दाखवत सुटलो. महिना पण झाला नसेल, एकेक काडी मान टाकायला लागली, मी पाणी वाढवलं तर अजूनच पटापट गेल्या, शेवटी वैतागून एक उपटून बघितली तर खाली केसाएवढं पण मूळ नाही, नुसती काळी पडलेली साल, बोटाने दाबली तर निसटून हातात आली.

झालं काय होतं, तर काडीत आधीपासून साठलेलं अन्न असतं आणि त्याच्या जोरावर ती मुळं नसतानाही पानं काढू शकते. शिल्लक संपली की खेळ खल्लास. तेव्हापासून मला पटलंय की आपल्या बहुतेक चुका एकाच जागी होतात, आपण काडीला झाड समजतो. झाडाला काय लागतं, ऊन, पाणी, खत, मग तेच सगळं काडीला पण देतो. अहो पण तिला पाणी प्यायला तोंडच नाहीये अजून! आणि पानं मात्र आहेत, त्यांतून पाणी उडतंच राहतं. मुळं येईपर्यंत तिला वाळू द्यायचं नाही आणि सडू पण द्यायचं नाही, काम एवढंच.

आता फांदी कुठली घ्यायची. सगळ्यात सुंदर फुललेली फांदी कापायचा मोह होतो, तिथेच पहिली माती खातो आपण. फुलं-कळ्या असलेल्या फांदीची ताकद तिकडेच जाते, मुळं काढायला उरत नाही. दुसरी फसवी फांदी म्हणजे भरपूर नत्रखत खाऊन सरळसोट वाढलेला लुसलुशीत फुटवा, दिसायला जोरदार पण आतून पाणीदार, लगेच सडतो. जास्वंद, एक्झोरा, क्रोटन असल्या झुडपांना अर्धवट पिकलेली फांदी बरी, म्हणजे खालचा भाग टणक झालेला आणि शेंडा अजून कोवळा. बोगनवेलीला पेन्सिलीएवढी जाड, पक्की काडी. हायड्रेंजियाचं मात्र कोवळ्या, बिनफुलाच्या शेंड्यावर छान जमतं. कापायचं सकाळी, फांदीत पाणी भरलेलं असताना, आणि लगेच लावायचं. दुपारी कापून तासभर गाडीत ठेवलेल्या फांदीचं काय होतं ते सांगायला नको.

कात्री बोथट असेल तर ती कापत नाही, चेचते, आणि चेचलेला भाग आधी सडतो. धार लावा, पातं स्पिरिटने पुसा. काडी साधारण 10 ते 15 सेंटीमीटर, खालचा काप पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) अगदी खाली, कारण बऱ्याच झुडपांत मुळं पेराजवळून लवकर फुटतात. आणि हसू नका, पण बिनपानांच्या काड्या उलट्या लावणारे खूप असतात, मीही लावल्यात. काडीचा शेंडा तो शेंडाच आणि बुडखा तो बुडखाच, उलटं लावलं तर ती बहुतेक वेळा लागत नाहीच. मी आता खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घेतो, घोळच मिटला.

पानांच्या बाबतीत दोन्ही टोकाची माणसं भेटतात. कोणी सगळी पानं तशीच ठेवतं, दोन दिवसांत काडी सुकते. कोणी सगळी ओरबाडून टाकतं, मग पानवाल्या कटिंगला अन्न मिळायचं कुठून? वरची दोन-तीन ठेवा, मोठी असतील तर आडवी अर्धी कापा, कळ्या दिसल्या तर खुडा.

रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटावीत म्हणून बुडख्याला लावतात ती. जास्त लावली म्हणजे जास्त मुळं, असं अजिबात नाही, जास्त झाली की उलट बुडखा भाजल्यासारखा काळा पडतो. ही पावडर बहुतेक आयबीए नावाच्या हार्मोनची असते आणि वेगवेगळ्या ताकदीत मिळते, कोवळ्या फांदीला 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 1000 भाग) आसपास, अर्ध्या पिकलेल्याला 3000, जून लाकडाला 8000 असा ढोबळ हिशोब. ओला बुडखा थेट डबीत बुडवू नका, उरलेली सगळी पावडर खराब होते, थोडी कागदावर काढून घ्या, बुडवा, टिचकी मारून जास्तीची झटका. आणि काडी मातीत खुपसायच्या आधी दुसऱ्या काटकीने भोक पाडा, नाहीतर सगळी पावडर वरच पुसली जाते, खाली काहीच पोचत नाही.

माती. माझ्या मते सगळ्यात जास्त कटिंग्ज इथे मरतात. बागेतली चिकट माती, त्यात प्रेमाने शेणखत, मोठ्ठी कुंडी आणि रोज तांब्याभर पाणी. खतात काडीला खाण्यासारखं काही नाही, तिला खायला मुळंच नाहीत, बुरशीची मात्र मेजवानी. मोठ्या कुंडीत मुळांशिवायची माती ओलीच राहते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाड धुतलेली वाळू निम्मं-निम्मं घ्या, लहान कुंडी घ्या, खाली भोकं मोकळी आहेत ना बघा. मिक्स मुठीत जोरात दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर खूप ओलं. बुडखा पण हवा घेतो, भोवती नुसतं पाणी असेल तर गुदमरून सडतो.

वरून पारदर्शक पिशवी घातली की हवा दमट राहते, पानं टवटवीत राहतात. पण ती पिशवी उन्हात ठेवली की आत भट्टी! उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको. पानं प्लास्टिकला चिकटू देऊ नका, रोज दोन-चार मिनिटं उघडा, गळलेलं पान लगेच उचला.

एका झाडाला हे सगळं उलटं लागतं, चाफा. त्याचा चीक वाहतो, म्हणून कापल्यावर एक-दोन आठवडे सावलीत नुसतं पडू द्यायचं, काप सुकून कडक झाला की मग लावायचं आणि पाणी जेमतेम. दमट पिशवीत घातलात तर गेलाच. कण्हेर पाण्याच्या बाटलीतही मुळं काढते, पण पाणी बदलत राहा, मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की कुंडीत हलवा, बाटलीतच मोठा गुच्छ वाढू दिलात तर ती नाजूक मुळं मातीत तुटतात. आणि कण्हेर विषारी आहे, हातमोजे घाला, ते पाणी मुलांच्या आणि मांजरा-कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नका.

काडीला काय झालंय ते कसं ओळखायचं? बुडखा काळा आणि मऊ, तर पाणी जास्त किंवा पातं घाण, टाकून द्या. शेंड्याकडून सुरकुतत आली तर हवा कोरडी. पानं पिवळी होऊन गळली पण काडी हिरवी वाटतेय, तर फेकायची घाई नको, नखाने साल किंचित खरवडा, आत ओलं हिरवं असेल तर जीव आहे. बुडख्याला पांढरट गाठ दिसली तर ती मुळं नव्हेत, जखम भरतेय, अजून थांबा.

थांबा म्हणजे खरंच थांबा! दर चार दिवसांनी उपटून बघायची खाज सगळ्यांनाच असते, पण नुकतं आलेलं मूळ त्यातच तुटतं. मी आता एखादी काडी प्लास्टिकच्या पारदर्शक ग्लासात लावतो, बाहेरून काळा कागद गुंडाळतो, खाज आली की कागद सरकवून बघतो. जास्वंदीला महिना-दीड महिना धरा, बोगनवेल दोन-तीन महिने पण घेते.

मुळं आल्यावरही घाई नडते. बोगनवेलीची मुळं फार ठिसूळ, काडी ओढून काढू नका, ग्लास कापा आणि मातीसकट गोळा उचला. पिशवी एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ उघडी ठेवत जा. पहिल्या दुपारी पानं लोंबली की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो, तेव्हा आधी मातीत बोट घाला, ओली लागली तर पाणी नको, पिशवी परत घाला आणि संध्याकाळी बघा.