वांगावर चंदनाचं तेल: आधी कोपर, मग गाल

"चंदनाचं तेल लाव, महिन्यात वांग जाईल" म्हणणाऱ्यांना मी आता हात जोडते. चंदनाच्या तेलातलं अल्फा-सॅन्टॅलॉल मेलॅनिन (कातडीला काळपटपणा देणारं द्रव्य) बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. गाल म्हणजे काचेची नळी नव्हे. तरी करूनच बघायचं असेल, तर पुढे वाचा.

10 मिली जोजोबा तेलात चंदनाचा एकच थेंब. साधारण अर्धा टक्का होतो, चेहऱ्याला तेवढा पुरे. खोबरेल नको, आपल्याकडच्या घामट हवेत पुटकुळ्या उठतात.

आता पॅच टेस्ट, म्हणजे चेहऱ्याआधी दुसऱ्या छोट्या जागेवर लावून बघणं. इथेच मी तोंडावर आपटले होते. रात्री कोपराच्या खळगीत थेंब लावला, सकाळी कातडी स्वच्छ, म्हणून लगेच दोन्ही गालांना चोळलं. तिसऱ्या दिवशी दादरला गाडीतून उतरताना गाल चरचरायला लागले. आरशात बघते तर लाल चट्टे, आणि ते बसल्यावर त्याच जागी मूळ वांगाहून काळे डाग. ते जायला सहा महिने गेले. आपल्या सावळ्या कातडीची हीच खोड आहे: जिथे दाह, तिथे डाग.

ॲलर्जी रात्रीत कळत नाही, कधी दोन-तीन दिवसांनी उठते. म्हणून तयार केलेलं तेलच (निव्वळ चंदन नव्हे) कोपराच्या आत, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. खाज, लाली, बारीक पुरळ, काहीही दिसलं तर बाटली बाजूला. "थोडं चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय" हे मला कुणी सांगू नका.

सालं दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं (हेही लिंबाच्याच जातीचं फळ) तेल चेहऱ्याला लावूच नका. त्यातली फ्युरानोकुमरिनं ऊन लागलं की त्वचा भाजतात, आणि मागे उरतो तो डागच. दालचिनीही नको, ॲलर्जीसाठी ती कुप्रसिद्ध आहे.

सात दिवस बिनघोर गेले, तर रात्री फक्त डागावर दोन थेंब.

सकाळी सनस्क्रीन, तेही रंगीत, आयर्न ऑक्साइडवालं. वांग साध्या उजेडानेही गडद होतं. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होणाऱ्यांनो, ऊन त्याच गालावर येतं.

गरोदर असाल तर हा प्रयोग नको. डाग अचानक वाढला, खाजला किंवा त्यातून रक्त आलं, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे.