ग्राफीन ट्रान्झिस्टरवर ट्रोपोनिन मोजायचं तर: चिपपासून रीडिंगपर्यंत

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन आय हे प्रथिन वाढतं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा पत्रा; त्याचा थर एका अणूएवढाच जाड असतो, त्यामुळे त्यावर भारित प्रथिनं बसली की वाहणारा प्रवाह बदलतो. तत्त्व एवढंच. चिप बनवणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी पृष्ठभागाच्या रसायनाची आणि बफरची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची).

300 नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड असलेल्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) सीव्हीडी, म्हणजे वायूंपासून वाढवलेलं, ग्राफीन उतरवा. सोर्स आणि ड्रेनसाठी (प्रवाह आत येण्याची आणि बाहेर जाण्याची टोकं) 5 नॅनोमीटर क्रोमियम, त्यावर 50 नॅनोमीटर सोनं चढवा आणि हे धातूचे पट्टे एसयू-8 या विद्युतरोधक पॉलिमरने झाका. धातू उघडा राहिला तर द्रावणातून गळती होते. पीएमएमए हे प्लास्टिक वापरून ग्राफीन उतरवलं असेल तर ॲसिटोनने धुऊनही त्याचा चिवट थर मागे राहतो. धातू चढवण्याआधीच आर्गॉन-हायड्रोजनमध्ये 300 अंश सेल्सिअसला दोन तास तापवलं की तो बराच कमी होतो.

आता जोडणी. पीबीएएसई नावाच्या रेणूचं पायरीन टोक ग्राफीनला चिकटतं आणि दुसरं टोक अँटीबॉडीच्या (ट्रोपोनिनला पकडणाऱ्या प्रथिनाच्या) अमाइन गटाला पकडतं. मेथॅनॉलमध्ये 5 मिलिमोलर द्रावण करून चिप झाकणाच्या बाटलीत तासभर बुडवून ठेवा. नुसता थेंब टाकू नका: मेथॅनॉल उडून जातं, थेंबाच्या कडेला कडं उमटतं आणि मधल्या व कडेच्या ट्रान्झिस्टरांची रीडिंग जुळत नाहीत. नंतर आधी मेथॅनॉलने, मग पीबीएसने (फॉस्फेट आणि मिठाच्या बफरने) धुवा आणि लगेच 50 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अँटीबॉडी घाला. दोन तास खोलीच्या तापमानाला, किंवा रात्रभर 4 अंशांना. रेंगाळू नका, कारण पाण्यात हा क्रियाशील गट आपोआप मरतो. अँटीबॉडी ट्रिस बफरमध्ये (यातही अमाइन गट असतो) असेल, किंवा कुपीत बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) मिसळलेलं असेल, तर आधी बफर बदला आणि बीएसए काढून टाका. नाहीतर सगळ्या जागा ट्रिस आणि बीएसएच अडवून बसतील.

उरलेले गट 100 मिलिमोलर इथेनॉलअमाइनने (पीएच 8.5) अर्धा तास बंद करा. मोकळं ग्राफीन झाकायला 1 टक्का बीएसए अर्धा तास ठेवा. इथून पुढे चिप कोरडी पडू देऊ नका. वाळली की अँटीबॉडीचा आकार बिघडतो.

मोजताना ड्रेनला 50 मिलिव्होल्ट द्या, द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडमधून गेटचा व्होल्टेज फिरवा (कमी-जास्त करा) आणि प्रवाह सर्वांत कमी होतो तो डिराक बिंदू टिपा. गेटचा व्होल्टेज पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी फिरवा. ट्रोपोनिन पकडलं की हा बिंदू सरकतो. गेटचा प्रवाह ड्रेनच्या शंभराव्या भागाहून जास्त दिसला तर ते रीडिंग टाकून द्या, एसयू-8 ला तडा आहे का ते बघा.

बहुतेकांची गाडी अडते ती बफरपाशी. 1एक्स (नेहमीच्या तीव्रतेच्या) पीबीएसमध्ये डिबाय लांबी, म्हणजे द्रावणात भाराचा प्रभाव जाणवतो ते अंतर, जेमतेम 0.7 नॅनोमीटर असते, तर अँटीबॉडी दहाएक नॅनोमीटर उंच. तिच्या टोकावर पकडलेलं ट्रोपोनिन क्षारांच्या आड लपतं. 0.01एक्समध्ये, म्हणजे शंभरपट पातळ केल्यावर, हीच लांबी सुमारे 7 नॅनोमीटर होते. म्हणून नमुना 1एक्समध्ये चिकटू द्या, धुवा आणि मोजणी मात्र 0.01एक्समध्ये करा. इतक्या पातळ बफरला हवेतला कार्बन डायऑक्साइडही हलवतो, तेव्हा तो रोज ताजा करा. अँटीबॉडीऐवजी ॲप्टॅमर (डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा) वापरला तर हे अंतरच कमी होतं.

उघडी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड तार संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत गेटचा व्होल्टेज मोजतात तो) म्हणून वापरलीत तर फसाल. क्लोराइड दहापट बदललं की तिचा विभव सुमारे 59 मिलिव्होल्टने सरकतो. 1एक्सवरून 0.01एक्सवर आलात तर जवळजवळ 118 मिलिव्होल्ट, तेही एकही ट्रोपोनिन रेणू न पकडता! आतलं द्रावण वेगळं असलेला पूर्ण संदर्भ इलेक्ट्रोड घ्या, आणि आधारभूत रीडिंगही 0.01एक्समध्येच घ्या.

प्रत्येक चिपवर निदान एक ट्रान्झिस्टर अँटीबॉडीशिवाय ठेवा. बाकी सगळ्या पायऱ्या त्याच्यावरही करा. त्याचा डिराक बिंदूही तितकाच सरकला तर प्रथिनं नुसती चिकटताहेत, धुण्याच्या बफरमध्ये 0.05 टक्के ट्वीन-20 (साबणासारखा सौम्य पदार्थ) घाला. नमुने कमी तीव्रतेकडून जास्तीकडे द्या. शोधमर्यादा काढताना कोऱ्या नमुन्यांची सरासरी घेऊन त्यात प्रमाण विचलनाच्या तिप्पट मिळवा, आणि हे कोरे नमुने ट्रोपोनिन नसलेल्या सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे) असू द्या, नुसत्या बफरचे नकोत.